‘स्वच्छ’ची दारोदार कचरा-सेवा : बारा वर्षांच्या ग्राहकाचा अनुभव

पुण्यात घर घेताना पाणी किती तास येते, बसथांबा किती लांब आहे आणि गाडी लावायला जागा मिळेल का, याची चौकशी सगळेच करतात; कचरा कोण नेणार, हा प्रश्न मात्र राहायला आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, डब्याला वास येऊ लागला की सुचतो. कोथरूडमधील आमच्या चोवीस सदनिकांच्या इमारतीत या प्रश्नाचे उत्तर गेली बारा वर्षे बदललेले नाही. सकाळी साडेआठच्या सुमारास जिन्यात ‘कचराऽऽ’ अशी हाक येते, दारे उघडतात आणि दोन डबे बाहेर येतात. या बारांपैकी सात वर्षे मी सोसायटीची सचिव होते, त्यामुळे ही सेवा घेणारी म्हणून आणि तिच्यावरून शेजाऱ्यांशी वाद घालणारी म्हणून, अशा दोन्ही बाजूंनी मला ती पाहता आली.

सेवा देणारी संस्था म्हणजे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था. तिला सामाजिक संस्था म्हणून देणगीच्या भावनेने पाहणारे जसे भेटतात, तसे महापालिकेचा एक विभाग समजणारेही भेटतात. ती या दोहोंपैकी काहीच नाही. सभासद साडेतीन हजारांच्या घरात आहेत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. महापालिकेशी करार आहे, परंतु दारात येणाऱ्या बाईला महापालिका पगार देत नाही. तिची कमाई दोन वाटांनी होते : घरोघरचे मासिक शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निवडलेल्या भंगाराची विक्री. ही गोष्ट समजली नाही, तर या सेवेबद्दलच्या निम्म्या तक्रारी चुकीच्या दिशेने जातात, म्हणून ती आधीच सांगितली.

या व्यवस्थेचे मूळ बरेच मागे जाते. 1972 च्या दुष्काळाने गावे सोडायला लावलेल्या कुटुंबांतील अनेक दलित स्त्रिया पुण्यात येऊन उकिरड्यावर कागद, काच, पत्रा वेचू लागल्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांचा या स्त्रियांशी संबंध आला, आणि अक्षरे शिकवण्याच्या आधी कचरा वेगळा मिळाला तर यांचे निम्मे कष्ट वाचतील, हे त्यांच्या ध्यानात आले. हमालांची संघटना बांधणारे बाबा आढाव पाठीशी उभे राहिले आणि 1993 मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. पुढे महापालिकेने या संघटनेच्या ओळखपत्राला मान्यता दिली. खांद्यावर पोते असलेली बाई दिसली की चोर समजून हटकण्याची ज्या शहराला सवय होती, त्या शहरात गळ्यातल्या त्या लहानशा पुठ्ठ्याचे मोल काय असेल, हे आपल्यासारख्या खिशात चार ओळखपत्रे बाळगणाऱ्यांना सहजी कळणार नाही.

घनकचऱ्याबाबतचे 2000 सालचे नियम आले आणि शहराने दारोदार कचरा गोळा करणे भाग झाले. गाड्या आणि ठेकेदार दारापर्यंत येऊ लागले, तर रस्त्यावरच्या पेट्यांमधून वेचणाऱ्यांच्या हाती काय उरणार, हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा पंचायतीने काम मागितले : कचरा दारातून आम्हीच नेतो. 2005 मध्ये प्रायोगिक काम सुरू झाले, 2008 मध्ये महापालिकेशी करार झाला आणि त्यातून ‘स्वच्छ’ उभी राहिली. मोर्चा काढून मागणी करणारे पुष्कळ असतात. मागणीबरोबर ते काम स्वतः चालवून दाखवणारी संघटना निदान मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

आता प्रत्यक्ष सेवेबद्दल. साधारणपणे दोघींची जोडी दोन-तीनशे घरे सांभाळते. ढकलगाडीवर ओल्याचा डबा आणि सुक्याचे पोते वेगळे असते. ओला कचरा ठरलेल्या ठिकाणी, ज्याला सगळे ‘फीडर पॉइंट’ म्हणतात, महापालिकेच्या गाडीत रिकामा केला जातो, आणि सुका बाजूला घेऊन निवडला जातो. निवडणे हा शब्द इथे तांदूळ निवडण्याइतकाच शब्दशः घ्यावा. दुधाच्या पिशव्या वेगळ्या, कडक प्लॅस्टिक वेगळे, पुठ्ठा वेगळा, पांढरा कागद वेगळा, रंगीत वेगळा, पत्रा आणि काच वेगळी. प्रत्येकाचा भाव निराळा आणि तो वर-खाली होणारा. आमच्याकडे येणाऱ्या मावशींनी एकदा भिजलेले खोके हातात धरून मला सांगितले, “काकू, काल हे कोरडं होतं तर वजनाला उभं राहिलं असतं, आज याला कोण विचारतंय?” ते खोके आदल्या रात्री चहाच्या चोथ्याबरोबर मीच एका डब्यात टाकले होते.

त्या दिवसानंतर माझ्या स्वयंपाकघरात तीन सवयी लागल्या, आणि त्या या सेवेच्या नव्या ग्राहकालाही उपयोगी पडतील. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडायचा नाही, कारण तो चिमुकला तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही आणि थेट गटारात जातो. पिशवी विसळून उलटी वाळवायची. फुटकी काच वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात न टाकता हातात द्यायची. इतके केले तरी त्यांचा रोजचा बराच वेळ वाचतो. डबे न मिसळणारा ग्राहक आणि मिसळणारा ग्राहक यांना शुल्क एकच आहे, हे मात्र मला पटत नाही.

शुल्काविषयी बोलायचे, तर सुरुवातीच्या काळात ते घरामागे महिना दहा ते तीस रुपये होते आणि करारांबरोबर वाढत गेले. आजही ते एका कुटुंबाला मल्टिप्लेक्सच्या एका तिकिटाहून कमीच पडते. इतक्या पैशांत जवळपास रोज दारापर्यंत येणारी दुसरी कोणतीही सेवा या शहरात नाही, दूधवालाही दुधाशिवाय घरपोच आकार वेगळा लावतो. ती इतकी स्वस्त आहे, याचे कारण आपल्या सुक्या कचऱ्यातले भंगार विकून उरलेला खर्च ती बाईच भरून काढते. त्यामुळे चांगले पुठ्ठे, बाटल्या आणि रद्दी आधी भंगारवाल्याला विकून उरलेली घाण तेवढी मावशींच्या डब्यात टाकणारे शेजारी माझ्या मते सेवेचे निम्मे शुल्क बुडवतात. हे मी सोसायटीच्या सभेत याच शब्दांत बोलले आणि दोन घरांशी माझे बोलणे वर्षभर बंद होते.

शुल्क सोसायटीच्या देखभाल खर्चातून एकरकमी द्यावे की प्रत्येक घराने हातात द्यावे, यावर आमच्याकडे पुष्कळ खल झाला. एकरकमी देणे सोयीचे असते आणि बुडवणाऱ्यांचा प्रश्नही सुटतो, म्हणून शेवटी आम्ही तेच केले. परंतु माझे मन अजून दुसऱ्या पद्धतीकडे ओढ घेते. महिन्यातून एकदा पैसे हातात देताना दोन वाक्यांचे बोलणे होते, मुलीची दहावी कळते, पावसाळ्यात गाडीचे चाक मोडल्याचे कळते. पैसे खात्यातून जाऊ लागल्यापासून आमच्या इमारतीतील नव्या भाडेकरूंना मावशींचा चेहरा ठाऊक नाही. त्यांच्यासाठी डबा रात्री भरलेला असतो आणि सकाळी रिकामा असतो, एवढेच.

सेवेचा सर्वांत अवघड भाग म्हणजे वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर. ते वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्यावेत, अशी मोहीम पुण्यात चालली. ठिपका दिसला की निवडणाऱ्या हातांना ते उघडून पाहावे लागत नाही. रद्दीच्या कागदाच्या पिशव्या करून कचरावेचक स्त्रिया त्या विकतही असत. त्याआधी 2013 च्या सुमारास संस्थेने वापरलेले पॅड गोळा करून थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवले होते, आणि मला ते आंदोलन आजही फार मार्मिक वाटते. भाषण नाही, घोषणा नाही, तुमचा माल तुम्हाला परत. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत अशा कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकण्यात आली, तरीही घराघरांतून ठिपक्याशिवायची पुडकी रोज निघतात. आमच्या चोवीसपैकी सतरा घरे ठिपका काढतात, हे मी सचिव असताना मोजून पाहिले होते, आणि ते प्रमाण चांगले मानले गेले, यातच सारे आले.

सेवेतील ज्या उणिवा मला दिसतात, त्यांतील बहुतेक जागेच्या आहेत. सुका कचरा निवडायला छप्पर असलेली जागा प्रत्येक वस्तीत नाही, म्हणून निवडणी पदपथावर होते, आणि पदपथावर झाली की आसपासचे रहिवासी घाणीची तक्रार करतात. निवडलेले पोते भरेपर्यंत ठेवायचे कुठे, हा रोजचा प्रश्न असतो. आमच्या जिन्याखालची सहा बाय आठ फुटांची जागा आम्ही या कामाला दिली, तीही दोन वार्षिक सभा आणि एक लेखी आक्षेप पार पडल्यानंतर. आक्षेप असा होता की, पाहुण्यांना ते बरे दिसत नाही. दुसरी उणीव सुट्टीची. रजा घेणे हा कोणाही कष्टकऱ्याचा हक्क आहे, पण बदली माणूस मिळणे हे त्या भागातल्या जोडीच्या आपसातल्या व्यवस्थेवर अवलंबून असते, म्हणून सणाच्या आठवड्यात ग्राहकाने घरात एक जादा झाकणाचा डबा ठेवलेला बरा. बांधकामाचा राडारोडा, गाद्या आणि जुने फर्निचर हे रोजच्या फेरीत येत नाही, त्याची व्यवस्था वेगळी करावी लागते. फरशी बदलल्यावर पोती भरून डब्याशेजारी ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

राजकारणाचा उल्लेख केल्याशिवाय या सेवेबद्दल लिहिणे अपुरे राहील, कारण पुण्यात कचरा हा निवडणुकीहून जुना वाद आहे. शहराचा कचरा वर्षानुवर्षे शहरालगतच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतील कचरा डेपोत जात राहिला, तेथील विहिरींचे पाणी बिघडले, आणि 2017 च्या एप्रिल-मे महिन्यांत त्या गावांनी गाड्या तीन आठवड्यांहून अधिक काळ अडवून धरल्या. त्या दिवसांत शहरातल्या चौकाचौकांत ढीग साचले होते आणि ज्या घरांनी ओला-सुका वेगळा ठेवला होता, त्यांच्या दारात त्यातल्या त्यात कमी कचरा पडून राहिला. ही गावे त्याच वर्षी महापालिकेत घेतली गेली आणि पुढे वेगळी करून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. शहराच्या कचऱ्याचे ओझे आणि शहराच्या सोयी यांचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा, हे अजून ठरलेले दिसत नाही. कचरावेचक दारातच जे पुठ्ठे आणि प्लॅस्टिक बाजूला काढते, ते त्या डेपोपर्यंत जात नाही, आणि पुणेकरांनी तिच्याकडे सफाई कामगार म्हणून नव्हे, तर प्रदूषण कमी करणारी व्यक्ती म्हणून पाहावे, असे मला म्हणूनच वाटते.

कराराची मुदत संपत आली की दर वेळी अनिश्चितता सुरू होते. 2020 च्या अखेरीस ती संपली, काम खासगी ठेकेदाराकडे देण्याची चर्चा सुरू झाली आणि 2021 मध्ये कचरावेचक स्त्रिया महापालिकेसमोर उभ्या राहिल्या. त्याच्या आधीच्याच वर्षी, टाळेबंदीत, आपण दारे लावून बसलो होतो आणि या बाया रोज कचरा नेत होत्या, एवढी आठवण तरी शहराला राहायला हवी होती. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. या काळात जागेबद्दल, शेडबद्दल, शुल्काबद्दल कोणाकडे जायचे, हे सोसायट्यांनाच कळत नव्हते, तर कचरावेचकांना काय कळणार. नगरसेवक असताना तो फोन उचलत नाही म्हणून आपण रागावतो. तो नसला की रागवायलाही कोणी उरत नाही.

एक गोष्ट या सेवेच्या कक्षेबाहेर राहते, आणि ती संस्थेची कसूर नसली तरी लिहायला हवी. सभासद व्हायला, ओळखपत्र मिळायला, ठरलेली घरे वाट्याला यायला माणसाचा काही ठावठिकाणा असावा लागतो. आमच्या चौकाच्या पुढच्या उड्डाणपुलाखाली दोन कुटुंबे राहतात, त्यातील माणूस रात्री अकरानंतर दुकानांसमोरचे पुठ्ठे गोळा करतो. त्याचे काम तेच आहे, भाव पाडून घेणारा भंगारवालाही बहुधा तोच आहे, पण त्याच्या गळ्यात पुठ्ठा नाही आणि त्याला दारातून डबा देणारे कोणी नाही. आमच्या मावशी त्याला ओळखतात. दिवाळीतल्या जादा खोक्यांतली काही त्या त्याच्यासाठी जिन्याखाली बाजूला ठेवतात.

गुण द्यायचेच झाले, तर मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा गुण मी सणाच्या आठवड्याचा कापला आहे. आमच्या सोसायटीला वेगळे गुण द्यायचे झाले, तर ते तीनच्या वर जाणार नाहीत : सात घरे ठिपका काढत नाहीत, आणि जिन्याखालच्या जागेवर यंदा पुन्हा आक्षेप आलेला आहे.