एमएफ डूम: आधी ‘मॅडव्हिलनी’ की आधी ‘म्म्.. फूड’?

एमएफ डूम हा रॅपर ऐकायचाय, सुरुवात कुठून करू, असं विचारलं की जो तो ‘मॅडव्हिलनी’चं नाव घेतो. अल्बम थोर आहे, त्यात वादच नाही. पण ज्याला रॅप मुख्यतः शब्दांसाठी ऐकायचाय आणि ज्याचं इंग्रजी आपल्यासारखं शाळेत शिकलेलं आहे, त्याला मी आधी त्याचाच दुसरा अल्बम ‘म्म्.. फूड’ लावायला सांगतो.

दोन्ही २००४ चे. मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या स्टोन्स थ्रो या लेबलनं (म्हणजे रेकॉर्ड कंपनीनं) ‘मॅडव्हिलनी’ काढला, नोव्हेंबरमध्ये मिनियापोलिसच्या राइमसेयर्सनं ‘म्म्.. फूड’. माणूस तोच: डॅनियल डूमिले, जन्म लंडनचा, वाढलेला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, आणि तोंडावर कायम धातूचा मुखवटा. मोठा फरक आहे तो बीट, म्हणजे शब्दांखालचं संगीत, कुणाचे, यात.

‘मॅडव्हिलनी’चे बीट मॅडलिब या संगीतकाराचे. त्यातले काही त्यानं ब्राझीलच्या दौऱ्यात हॉटेलच्या खोलीत बसून बनवले. सोबत एक छोटा सॅम्पलर (रेकॉर्डींचे तुकडे कापून वाजवायचं यंत्र) आणि बॅगेत मावणारा रेकॉर्ड प्लेअर. (याच मॅडलिबनं २००७ मध्ये आपल्या जुन्या हिंदी सिनेगीतांच्या रेकॉर्डी कापून-जोडून अख्खा अल्बम केला. तो नक्की ऐका, पण तो शब्दांचा नव्हे.) साधारण ४६ मिनिटांत २२ तुकडे. ध्रुवपद जवळपास कुठेच नाही. कान जरा स्थिरावतोय तोवर गाणं संपून पुढचं सुरू झालेलं असतं. अल्बम पुरा व्हायच्या आधीच त्याची कच्ची प्रत बाहेर फुटली होती. त्यानंतर डूमनं आपले शब्द पुन्हा रेकॉर्ड केले, आधीपेक्षा खालच्या पट्टीत, संथ, जवळजवळ पेंगुळलेल्या आवाजात.

त्या पेंगुळलेल्या आवाजाखाली चाललेली कारागिरी मात्र अफाट आहे. यमक ओळीच्या टोकाला येऊन थांबत नाही. ते ओळीच्या पोटात येतं, दोन-तीन शब्द मिळून जुळतं, आणि वाक्य तसंच पुढच्या ओळीत सांडतं. मोरोपंतांचा यमकांचा सोस ज्याला ठाऊक आहे त्याला ही खोड ओळखीची वाटेल. अडचण एवढीच की धरायला दोरी नाही. ‘फॅन्सी क्लाउन’ घ्या. कुणी व्हिक्टर व्हॉन नावाचा तरुण आपल्या मैत्रिणीवर उखडलाय, कारण ती मुखवटेवाल्याबरोबर फिरते. गंमत अशी की व्हिक्टरही डूमच, मुखवटेवालाही डूमच. आपल्याच एका सोंगाकडून दुसऱ्या सोंगाला शिव्या. हे आधी माहीत नसेल तर ते नुसतंच प्रेमभंगाचं गाणं वाटून निसटतं. अशा जागा या अल्बमात पावलोपावली आहेत.

‘म्म्.. फूड’मध्ये दोरी नावापासूनच मिळते. एम-एफ-डी-ओ-ओ-एम, तीच सहा अक्षरं फिरवली की अल्बमचं नाव तयार. जवळपास सगळी गाणी खाण्यापिण्याच्या नावांची, पण ताटात भलतंच. इंग्रजीत ‘बीफ’ म्हणजे गोमांस आणि रॅपरांच्या बोलीत हाडवैर. पहिलं गाणं या श्लेषावरच उभं आहे. ‘डीप फ्राइड फ्रेंझ’ दोस्तांवर, म्हणजे दोस्तीतल्या दगाबाजीवर. ‘रॅप स्निच क्निशेस’मध्ये आपलेच गुन्हे गाण्यात फुशारकीनं सांगून कोर्टाला आयता पुरावा देणाऱ्या रॅपरांची टिंगल आहे, ध्रुवपदासकट, आणि ती पहिल्याच ऐकण्यात कळते. बहुतेक बीट डूमचे स्वतःचे, जुन्या सोल-जॅझच्या तुकड्यांचे, ऐसपैस. डूमचा आवाजही इथे जास्त टवटवीत आहे. लोकलच्या गोंगाटात इयरफोनवर हा अल्बम टिकतो. ‘मॅडव्हिलनी’ तिथे अर्धा वाहून जातो.

खोट आहेच. अल्बमच्या मध्यावर ओळीनं चार ट्रॅक असे आहेत की त्यात रॅप नाहीच, नुसते जुन्या कार्टूनमधले वगैरे संवाद एकमेकांना चिकटवलेले. जाणकार त्यांना अल्बमचा कणा म्हणतात. मी सरळ पुढे ढकलतो.

तिसरं नाव हमखास निघतं ते १९९९ च्या ‘ऑपरेशन: डूम्सडे’चं. डूमचा धाकटा भाऊ सबरॉक १९९३ मध्ये मोटारीच्या धडकेत गेला, पाठोपाठ त्यांच्या केएमडी या गटाला लेबलनं वाऱ्यावर सोडलं, आणि काही वर्षांनी मुखवट्याआडून हा अल्बम आला. त्यातलं दुःख खरं आहे, रेकॉर्डिंग ओबडधोबड. माणूस आवडायला लागला की ऐका, आधी नको.

आता अपवाद. तुम्ही मुळात जॅझचे, सुरावटीचे असाल, शब्द कळले तर कळले अशी वृत्ती असेल, तर माझं ऐकू नका, थेट ‘मॅडव्हिलनी’ लावा. बाकीच्यांनी ‘म्म्.. फूड’ आठवडाभर वाजवावा. मग ‘मॅडव्हिलनी’तलं ‘ॲकॉर्डियन’ काढावं, जेमतेम दोन मिनिटांचं आहे. एकदा शब्द समोर ठेवून, एकदा डोळे मिटून. दुसऱ्या खेपेला एखाद्या यमकावर आपसूक हसू फुटलं, तर उरलेले एकवीस तुकडे त्याच रात्री लावायला हरकत नाही.