ड्रायव्हर कर्नलमध्येच की मॉड्यूल म्हणून? लिनक्सच्या बूटक्रमाच्या अंगाने एक तुलना

लिनक्सचे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) स्वतः कॉन्फिगर करून कंपाइल करायला घेतले, की जवळजवळ प्रत्येक ड्रायव्हरपाशी (विशिष्ट उपकरण हाताळणाऱ्या कोडपाशी) एकच निवड करावी लागते. वाय लिहिले तर ड्रायव्हर कर्नलच्या मूळ फाइलमध्येच बिल्ट-इन होतो, एम लिहिले तर त्याची वेगळी मॉड्यूल फाइल तयार होते. या निवडीबद्दल ‘सगळे आत घ्या, बूट लवकर होईल’ आणि ‘सगळे मॉड्यूल ठेवा, कर्नल हलके राहील’ असे दोन सल्ले सर्रास दिले जातात. दोन्ही सल्ले संपूर्ण कर्नलसाठी एकच उत्तर देतात, आणि तिथेच ते अपुरे पडतात. माझ्या मते हा निर्णय ड्रायव्हरगणिक घ्यायचा असतो आणि त्याची कसोटी एकच असते: रूट फाइलसिस्टम (सिस्टमच्या फाइलींची मुख्य रचना) माउंट होण्यापूर्वी, म्हणजे वापरासाठी जोडली जाण्यापूर्वी, हा ड्रायव्हर लागतो की नंतर? ही कसोटी लावायची तर कर्नल सुरू होताना नेमके काय घडते, हे आधी पाहावे लागते.

बूटलोडरने, म्हणजे कर्नल मेमरीत आणणाऱ्या प्रोग्रामने, ताबा दिल्यावर प्रोसेसरनुसार वेगळा असलेला थोडा असेंब्ली कोड चालतो आणि मग ‘स्टार्ट_कर्नल’ हे फंक्शन सुरू होते. मेमरीची व्यवस्था, शेड्युलर, इंटरप्ट आणि टाइमर यांची उभारणी तिथे होते. शेवटी दोन थ्रेड तयार केले जातात, त्यांतला पहिला पुढे इनिट प्रोसेस (कर्नलबाहेरची पहिली प्रक्रिया) बनतो आणि दुसरा कर्नलच्या इतर थ्रेडना जन्म देतो. बिल्ट-इन ड्रायव्हरांची पाळी या पहिल्या थ्रेडमध्ये येते. कोणत्या ड्रायव्हरचे सुरुवातीचे फंक्शन केव्हा बोलवायचे याची हाताने लिहिलेली यादी कर्नलमध्ये कुठेही नाही. प्रत्येक ड्रायव्हर एका मॅक्रोद्वारे आपल्या फंक्शनचा पत्ता ठरावीक सेक्शनमध्ये ठेवतो, लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारे साधन) ते सगळे पत्ते एकापाठोपाठ रचतो आणि कर्नल त्या रांगेतून क्रमाने जातो. यांनाच इनिटकॉल म्हणतात. अगदी आरंभीच्या ‘अर्ली’ गटानंतर ० ते ७ अशा त्यांच्या पातळ्या आहेत: मूलभूत सेवा आधी, बस आणि सबसिस्टम ४ वर, फाइलसिस्टम ५ वर, सामान्य ड्रायव्हर ६ वर आणि उरलीसुरली कामे ७ वर. ड्रायव्हर लेखक नेहमी वापरतात तो ‘मॉड्यूल_इनिट’ मॅक्रो बिल्ट-इन ड्रायव्हरला सहाव्या पातळीवर नेऊन बसवतो. एकाच पातळीतला क्रम लिंक होण्याच्या क्रमावर, म्हणजे मेकफाइलमध्ये (बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये) नाव आधी आहे की नंतर यावर ठरतो.

हाच ड्रायव्हर एम केला, की त्याच मॅक्रोचा अर्थ बदलतो. आता फंक्शन इनिटकॉलच्या रांगेत नसते. मॉड्यूल लोड होईल तेव्हाच ते चालते. आपण कोणकोणती उपकरणे हाताळतो याचा तक्ता मॉड्यूलच्या फाइलमध्ये असतो आणि डेपमॉड हे साधन त्यावरून एक सूची तयार करून ठेवतो. कर्नलला बसवर उपकरण सापडले, की तो त्याची ओळख युजरस्पेसला (कर्नलबाहेर चालणाऱ्या प्रोग्रामना) कळवतो, यूडेव्ह ही तिथली सेवा ती ऐकते, सूचीतून योग्य मॉड्यूल शोधले जाते आणि एका सिस्टम कॉलने ते कर्नलच्या हवाली होते. ही साखळी लवचिक आहे यात शंका नाही, परंतु तिच्यासाठी युजरस्पेस चालू असावा लागतो आणि मॉड्यूलच्या फाइली वाचता याव्या लागतात.

पेच नेमका इथे येतो. रूट फाइलसिस्टम एनव्हीएमई डिस्कवर (वेगवान एसएसडीवर) आहे आणि त्या डिस्कचा ड्रायव्हरही मॉड्यूल म्हणून त्याच डिस्कवर आहे, तर ती उघडणार कशी? यावरचा उपाय म्हणजे इनिटरामएफएस. आवश्यक मॉड्यूल आणि काही साधने असलेला हा सीपीआयओ स्वरूपातला फाइलींचा संग्रह बूटलोडर कर्नलसोबतच मेमरीत आणून ठेवतो. डेबियन या लिनक्स वितरणात (तयार सिस्टमच्या संचात) एनव्हीएमई आणि एक्स्ट४ फाइलसिस्टम यांचे ड्रायव्हर दोन्ही मॉड्यूलच आहेत, आणि तरीही ते असंख्य प्रकारच्या यंत्रांवर सुरळीत सुरू होते ते याच्या बळावर. वितरणाला कोणाच्या घरी कोणते यंत्र आहे हे ठाऊक नसते, त्यामुळे त्याच्यापुढे दुसरा शहाणा मार्गच नाही. किंमत अशी, की प्रत्येक नव्या कर्नलबरोबर हा संग्रह पुन्हा तयार करावा लागतो, बूट विभाजनात त्याला जागा लागते आणि त्यातून एखादे मॉड्यूल सुटले तर यंत्र इनिटरामएफएसच्या आणीबाणीच्या शेलमध्ये येऊन थांबते. तिथे निदान काही आज्ञा देऊन काय सापडत नाही ते पाहता येते.

रूटपर्यंतचे सर्व ड्रायव्हर बिल्ट-इन करून इनिटरामएफएस वगळला, तर चूक झाल्यावर दिसतो तो थेट कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नल पुढे चालूच शकत नाही अशी त्रुटी: ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक’. या ओळीच्या शेवटी कंसात येणारे दोन आकडे बारकाईने वाचावेत. (०,०) असेल तर रूट म्हणून सांगितलेले उपकरण कर्नलला सापडलेलेच नाही. याच संदेशाच्या आधी विभाजनांची यादी छापली जाते. ती रिकामी असेल तर डिस्कचा ड्रायव्हर राहून गेल्याची दाट शक्यता असते, आणि यादीत डिस्क दिसत असेल तर रूटचे नाव चुकले असे समजावे. (१७९,२) असे असेल तर एसडी कार्डाचे दुसरे विभाजन ओळखले गेले आहे, अडचण फाइलसिस्टमच्या ड्रायव्हरची किंवा त्या विभाजनातील मजकुराची आहे.

बिल्ट-इन मार्गाच्या आणखी दोन मर्यादा आधीच माहीत असाव्यात. एकटे कर्नल विभाजनाचा पार्टयूयूआयडी (विभाजनाचा ओळख क्रमांक) ओळखते, पण फाइलसिस्टमचा यूयूआयडी (तिचा स्वतःचा ओळख क्रमांक) ओळखत नाही. ते काम इनिटरामएफएसमधील साधने करतात. तसेच रूट डिस्क एलयूकेएस या पद्धतीने कूटबद्ध (एन्क्रिप्ट) केलेली असेल, तर पासवर्ड विचारायला युजरस्पेस हवाच, म्हणजे सर्व ड्रायव्हर आत घेऊनही इनिटरामएफएस चुकत नाही. अशा यंत्रावर ‘सगळे वाय’ करण्यातून फारसे काही हाती लागत नाही.

‘सगळे वाय’ करणाऱ्यांना सर्वाधिक त्रास होतो तो मात्र फर्मवेअरचा, म्हणजे उपकरणात भरायच्या प्रोग्रामचा. ग्राफिक्स आणि वायफायच्या अनेक ड्रायव्हरांना सुरू होताना फर्मवेअरची फाइल लागते. एएमडीच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिल्ट-इन केला, की तो इनिटकॉलच्या टप्प्यावर, म्हणजे रूट माउंट होण्यापूर्वी, फर्मवेअर मागतो. फाइल डिस्कवर अगदी जागच्या जागी असली तरी डिस्कच अजून माउंट झालेली नसते, आणि लॉगमध्ये ‘फेल्ड विथ एरर -२’ अशी ओळ येते. हा -२ म्हणजे फाइल सापडली नाही एवढेच. लोक मग फर्मवेअरचे पॅकेज पुन्हा पुन्हा बसवत राहतात, कारण फाइल तर समोर दिसत असते. उपाय आहेत: फर्मवेअर कर्नलच्या प्रतिमेतच भरावे किंवा इनिटरामएफएसमध्ये ठेवावे. परंतु तोच ड्रायव्हर मॉड्यूल ठेवून रूट माउंट झाल्यावर लोड होऊ दिला, तर हा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून फर्मवेअर मागणारा आणि रूटसाठी न लागणारा ड्रायव्हर एम ठेवावा, असे मी ठामपणे सुचवेन.

आता बूटच्या वेगाबद्दल. बिल्ट-इन म्हणजे वेगवान, हा समज अर्धाच खरा आहे. इनिटरामएफएस वाचण्या-उलगडण्याचा वेळ वाचतो आणि छोट्या बोर्डावर ही बचत चांगलीच जाणवते. पण इनिटकॉल एकामागून एक चालतात. एखादा ड्रायव्हर आपले उपकरण तपासताना हार्डवेअरच्या उत्तराची वाट पाहू लागला आणि त्याने ही तपासणी असिंक्रोनस (इतरांना न अडवणारी) ठेवलेली नसेल, तर त्याच्यामागची सगळी रांग तुंबते. मॉड्यूल मात्र यूडेव्ह एका वेळी अनेक प्रक्रियांतून लोड करतो, त्यामुळे एकापेक्षा अधिक कोअर असलेल्या यंत्रावर संथ ड्रायव्हर एम करणे कधी कधी अधिक फायद्याचे ठरते. याचा निकाल अंदाजाने लावू नये. कर्नलच्या कमांडलाइनवर ‘इनिटकॉल_डीबग’ लिहिले, की प्रत्येक इनिटकॉलने किती मायक्रोसेकंद घेतले ते लॉगमध्ये उमटते, आणि त्यातले मोठे आकडे लगेच नजरेत भरतात.

क्रमाच्या बाबतीत एक जुनी सवय सोडून द्यावी. स्वतःचा ड्रायव्हर दुसऱ्यावर अवलंबून असेल, तर तो सहाव्याऐवजी चौथ्या पातळीवर ढकलायचा, अशी युक्ती आजही दिसते. बिल्ट-इन असताना ती चालते, पण तोच कोड मॉड्यूल म्हणून कंपाइल केला, की या सर्व पातळ्यांचे मॅक्रो एकाच ‘मॉड्यूल_इनिट’मध्ये विरघळतात आणि युक्ती निरर्थक ठरते. डेपमॉडही मदतीला येत नाही, कारण एक मॉड्यूल दुसऱ्याची कोणती फंक्शने वापरते एवढेच त्याला कळते. अमुक सेन्सरला तमुक रेग्युलेटरची (वीजपुरवठा नियंत्रित करणाऱ्या भागाची) वीज लागते हे कळत नाही. २०१२ साली आलेल्या ३.४ आवृत्तीपासून यासाठी नीट सोय आहे: लागणारे क्लॉक (हार्डवेअरला ठेका देणारा स्पंद) किंवा रेग्युलेटर अजून तयार नसेल तर ड्रायव्हरने ‘प्रोब_डिफर’ ही त्रुटी परत करावी, कर्नल त्याला नंतर पुन्हा बोलावतो. असा ड्रायव्हर वाय आणि एम दोन्हींत सारखाच वागतो, आणि ड्रायव्हर स्वतः लिहिणार असाल तर ही गुणवत्ता वेगापेक्षा महत्त्वाची माना.

सुरक्षा आणि देखभाल यांविषयी थोडक्यात. मॉड्यूलची सोयच बंद केलेल्या कर्नलमध्ये दुष्ट मॉड्यूल घुसवण्याचा मार्ग बंद होतो. पण आवश्यक मॉड्यूल लोड झाल्यावर ‘मॉड्यूल्स_डिसेबल्ड’ ही कर्नलची सेटिंग १ केली तरी पुढच्या बूटपर्यंत दार लागते आणि लवचिकताही फारशी जात नाही. मेमरीची चिंता करण्याचे कारण नाही, कारण केवळ सुरुवातीला लागणारा कोड दोन्ही पद्धतींत काम झाल्यावर मोकळा केला जातो. विकासाच्या काळात मात्र मॉड्यूलला पर्याय नाही: बहुतेक वेळा ड्रायव्हर काढून नवा चढवायला काही सेकंद पुरतात, बिल्ट-इन असेल तर प्रत्येक दुरुस्तीसाठी पूर्ण यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. उलट, कर्नलची नवी प्रतिमा बोर्डावर टाकली आणि मॉड्यूलची फोल्डर टाकायची राहिली, तर बूट होते पण नेटवर्क नसते. केवळ प्रतिमा बदलून भागावे अशी गरज असेल तिथे बिल्ट-इन बरे.

तेव्हा लॅपटॉप, डेस्कटॉप किंवा वेगवेगळ्या हार्डवेअरवर जाणारी प्रतिमा असेल, तर वितरणाचीच पद्धत ठेवा: मॉड्यूल आणि इनिटरामएफएस. गूगलनेही अँड्रॉइडसाठी जेनेरिक कर्नल इमेज आणताना सामाईक गाभा एक ठेवून उत्पादकांचे ड्रायव्हर मॉड्यूलमध्ये काढले, ते अनेक उपकरणांना एकच कर्नल चालवायचे असल्यामुळेच.

हार्डवेअर एकच आणि ठरलेले असेल, तर रूटपर्यंतची साखळी वाय करा आणि बाकीचे एम. ही साखळी दिसते त्याहून लांब असते. एसडी कार्डावरून बूट होणाऱ्या बोर्डासाठी एमएमसी कंट्रोलर (कार्ड हाताळणारा हार्डवेअर भाग) आणि एक्स्ट४ वाय केले म्हणजे झाले, असे वाटते. पण त्या कंट्रोलरला लागणारे क्लॉक, पिन-कंट्रोल (चिपच्या पिनांचे काम ठरवणारा भाग) आणि रेग्युलेटर यांपैकी एकाचाही ड्रायव्हर एम राहिला, तर कंट्रोलर तपासणी पुढे ढकलत राहतो, आणि कमांडलाइनवर ‘रूटवेट’ असेल तर पॅनिकसुद्धा न येता यंत्र ‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ या ओळीवर थांबून राहते. ती ओळ दिसावी म्हणून सीरियल कन्सोलचा ड्रायव्हरही वाय हवा. साखळी शोधायला चालू स्थितीतील बोर्डावर रूट उपकरणाची सिसएफएसमधील (कर्नल उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथली) वाट डिस्कपासून वरपर्यंत वाचत जावे, डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरील हार्डवेअरच्या वर्णनात) त्या प्रत्येक नोडने क्लॉक आणि विजेसाठी कोणाकडे बोट दाखवले आहे ते पाहावे, आणि तेवढ्याच ड्रायव्हरांपुढचा एम खोडून वाय लिहावा.