‘दीडशे किलो डाउनफोर्स’ म्हणे! पण किती वेगाला?

गाडीच्या डिकीवर बसवायच्या विंगवर, म्हणजे आडव्या पंखावर, थाप मारून विकणारा म्हणाला, “दीडशे किलो डाउनफोर्स देते. गाडी रस्त्याला चिकटून राहील.” डाउनफोर्स म्हणजे हवा गाडीला खाली दाबते तो जोर. मी नुसती मान डोलावली. तेव्हाच “किती वेगाला?” एवढं विचारलं असतं, तर आज हे लिहायला बसलो नसतो.

माझी गाडी जुनी, दोन दरवाजांची, मागच्या चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी कूपे. अधूनमधून ट्रॅकवर नेतो. वेगातल्या वळणात मागचा भाग हलका वाटायचा आणि तेच दुखणं मी विकणाऱ्यासमोर मोकळेपणाने सांगून बसलो. त्याला गिऱ्हाईक आयतंच मिळालं.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस मी खूश होतो. गाडी खरंच बसल्यासारखी वाटायची. वाटणारच, कारण त्याच आठवड्यात मागचे टायर नवे टाकले होते. श्रेय मात्र सगळं विंगला दिलं. मग ट्रॅकवर घड्याळ लावलं. वळणातला वेळ नव्या टायरांमुळे सुधारला होता तेवढाच, आणि सरळ पट्ट्यात मात्र गाडीचा वेग आधीपेक्षा ताशी पाच-सहा किलोमीटरने कमी पडत होता. म्हणजे ड्रॅग, हवेचा अडथळा, मिळाला होता, पण डाउनफोर्स कुठे होता?

घरी येऊन कागद-पेन घेतलं. डाउनफोर्स वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, वेग निम्मा केला की जोर पाव. माझी विंग १३० सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद. तिचा आकार चांगला आहे आणि तिला स्वच्छ हवा मिळते असं उदारपणे धरलं, तरी ताशी १०० किलोमीटरला जेमतेम १२ किलो निघतात. २०० ला पन्नासच्या आत. ६० ला चार-साडेचार किलो, म्हणजे डिकीत पाण्याच्या चार बाटल्या ठेवल्यासारखंच. दीडशे किलो हवे असतील तर साडेतीनशेच्या वेगाने जावं लागेल. माझी गाडी २२० ला धापा टाकते.

आणि हे सगळं ‘चांगला आकार’ धरून. एक दिवस टोकाची उभी पट्टी काढली, तेव्हा आतला छेद दिसला. वरची बाजू फुगीर, खालची सपाट. हा तर विमानाला लावायचा पंख! गाडीची विंग त्याच्या उलटी हवी, पोट खाली. कारण खरं काम खालच्या बाजूला होतं, तिथे हवेचा दाब घटतो आणि विंग खाली ओढली जाते. ती तिरकी बसवली होती म्हणून थोडाफार जोर खाली येत असेल, पण आकार मात्र तिच्याविरुद्धच भांडत होता. मागची कडही अंगठ्याएवढी जाड. ‘कार्बन फायबर’ म्हणून मिरवत होतो ते फायबरग्लासवर चिकटवलेलं छापील कापड निघालं, पण त्याचं दुःख आता फारसं उरलं नव्हतं.

शेवटची खात्री लोकरीने केली. बोटभर लांबीचे धागे टपावर, मागच्या काचेवर आणि विंगच्या खाली चिकटपट्टीने लावले, आणि मित्राने शेजारच्या गाडीतून चित्रण केलं. टपावरचे धागे भांग पाडल्यासारखे सरळ मागे. काचेच्या खालच्या भागात मात्र ते गोंधळले, आणि विंगखालचे तर वाट्टेल तिकडे, दोन चक्क पुढे तोंड करून. विंग टपाच्या रेषेच्या बरीच खाली, घुसळलेल्या हवेत बसली होती. तिच्यापर्यंत धड हवाच पोहोचत नव्हती.

जाब विचारायला गेलो तर त्याने पोर्शे ९११ जीटी३ आरएसचा फोटो पुढे केला. “मग हे लोक वेडे आहेत का?” नाहीत ना. त्या गाडीचा कंपनीने दिलेला आकडा २०० ला ४०९ किलो आणि २८५ ला ८६० किलो असा आहे. आकड्याच्या शेजारी वेग दिलेला आहे, आणि तो आकडा पुढच्या भागासकट अख्ख्या गाडीचा आहे, एकट्या विंगचा नाही. लहान स्पॉयलर, म्हणजे डिकीच्या टोकाची उचललेली कड, तीही फुकट नसते. १९७३ च्या ९११ कॅरेरा आरएस २.७ चं बदकाच्या शेपटीसारखं झाकण हवेमुळे गाडीचा मागचा भाग उचलला जाणं कमी करण्यासाठीच होतं. पण उचलणं कमी करणं वेगळं आणि खाली दाबणं वेगळं. विकणारे हे दोन्ही एकाच शब्दात गुंडाळतात.

बसवण्याचंही तेच. १९६६ च्या शॅपरल २ई या रेसगाडीत विंगचे उंच खांब थेट मागच्या चाकांच्या आधाराला जोडले होते, म्हणजे जोर सरळ टायरवर. माझी विंग डिकीच्या पत्र्यावर चार बोल्ट आणि नाण्याएवढ्या वॉशरवर उभी. दोन्ही हातांनी दाबली की पत्रा आत जायचा. दीडशे किलो खरोखर आले असते तर डिकीच चेपली असती. दावा खोटा होता म्हणून ती वाचली.

पैसे परत मिळाले नाहीत. “फील तर येतो ना?” हे त्याचं शेवटचं उत्तर. विंग काढून ठेवली आहे, विकणार नाही, कारण घेणाऱ्याला काय सांगू? चार भोकांना रबरी बुचं लावली आहेत. डाव्या बाजूच्या एकातून पावसात अजून पाणी झिरपतं.