मेरी वॉशिंग्टन की जर्सी नाइट? न्यू जर्सीतल्या परसबागेसाठी ॲस्परॅगसची निवड

टोमॅटोची जात मनासारखी निघाली नाही तर पुढच्या वर्षी बदलता येते. ॲस्परॅगस ही जमिनीतून येणाऱ्या कोवळ्या कोंबांसाठी लावायची भाजी; तिच्या बाबतीत ती सोय नाही. नीट लावलेला वाफा पंधरा-वीस वर्षे उत्पन्न देतो आणि पहिले भरघोस पीक हाती यायलाच तिसरे वर्ष उजाडते, त्यामुळे जातीची निवड सुरुवातीलाच विचारपूर्वक करावी लागते. न्यू जर्सीत घर घेऊन मागच्या अंगणात मेथी, मिरची आणि दोडका लावणाऱ्या ज्या मराठी मंडळींशी या विषयावर माझे बोलणे होते, त्यांची निवड बहुधा दोन नावांवर येऊन थांबते. या दोन्ही जाती मी शेजारशेजारच्या वाफ्यांत वाढवल्या आहेत. चराची खोली, शेणखत, पहिल्या वर्षी कोंब न तोडण्याचे पथ्य या गोष्टी वाचकांना ठाऊक आहेत असे मी गृहीत धरतो.

मेरी वॉशिंग्टनचे नाव जुने आणि मानाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तांबेरा रोगाने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील ॲस्परॅगसच्या बागा उद्ध्वस्त केल्या. त्यानंतर अमेरिकी कृषी खात्याचे जे. बी. नॉर्टन यांनी मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्ड येथे तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या झाडांची निवड आणि संकर करून ‘वॉशिंग्टन’ जाती तयार केल्या. मेरी वॉशिंग्टनचे बी आजही स्वस्तात आणि सर्वत्र मिळते, त्याची रोपे घरी करता येतात, आणि आपल्या वाफ्यातले बी राखून शेजाऱ्यांना देता येते. घरचे बियाणे धरून ठेवण्याची ज्यांना आवड आहे त्यांना या गुणाचे मोल वेगळे सांगायला नको.

जर्सी नाइट ही इथलीच, रटगर्स विद्यापीठात हॉवर्ड एलिसन यांनी चालवलेल्या संशोधनातून आलेली जात. ॲस्परॅगसमध्ये नर आणि मादी झाडे वेगळी असतात. एखाद्या नर झाडावर क्वचित द्विलिंगी फुले येऊन बी धरते, आणि त्या बियांतून मिळणाऱ्या ‘सुपरमेल’ झाडाचा मादी झाडाशी संकर केला की होणारी सगळी रोपे नर निघतात. या तत्त्वावर ‘जर्सी’ मालिकेतल्या जाती उभ्या आहेत. जर्सी नाइट जड, चिकण मातीत तग धरते आणि मुळे कुजवणाऱ्या फ्युझेरियम बुरशीपुढेही जुन्या जातींपेक्षा अधिक टिकाव धरते. आमच्या अंगणातली लालसर, पाणी धरून ठेवणारी माती पाहता मला तरी हा फरक जाणवला.

चवीवरून निर्णय होईल असे मला वाटत नाही. तोडल्यावर तासाभरात मोहरी-लसणाच्या फोडणीत परतलेले किंवा डाळीचे पीठ पेरून केलेले कोंब दोन्ही जातींचे गोडच लागतात. मेरी वॉशिंग्टनच्या मादी झाडांचे कोंब जाड आणि देखणे येतात, हे मान्य करायला हवे. पण संख्येने ते कमी असतात. बिया पोसण्यात शक्ती खर्च होत नसल्यामुळे नर झाडे अधिक कोंब देतात, आणि एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत माझी टोपली जर्सी नाइटच्या वाफ्यावरच लवकर भरते.

माझ्यापुरता निर्णय झाला तो मात्र वेगळ्याच त्रासामुळे. बियांपासून केलेल्या मेरी वॉशिंग्टनमध्ये साधारण निम्मी झाडे मादी निघतात आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात त्यांच्या पिसाऱ्यावर, म्हणजे न तोडलेले कोंब वाढून होणाऱ्या नाजूक, बारीक पानोळ्यावर, हिरवी, मग लालभडक फळे लगडतात. ती गळतात, पक्षी ती दूरवर नेतात, आणि पुढच्या हंगामात वाफाभर दोऱ्याएवढी बारीक रोपे उगवतात. इतर तण उपटता येते. हे तण म्हणजे ॲस्परॅगसच असते. उगवल्यानंतर थोड्याच आठवड्यांत त्याला पांढरी, मांसल मुळे सुटतात आणि ती जुन्या गड्ड्याच्या (झाडाच्या जमिनीखालच्या, डोळे आणि मुळे असलेल्या भागाच्या) मुळांत शिरतात, त्यामुळे रोप ओढले तर देठ तुटून हातात येतो आणि मूळ जमिनीतच राहते. खुरपे खोल घालावे तर मोठ्या झाडाचा वरचा डोळा दुखावतो. दुर्लक्ष केले तर वाफ्यात दाटी होऊन सगळेच कोंब बारीक होत जातात. स्ट्रॉबेरीच्या ओळीत आणि कुंपणाच्या कडेलाही ही रोपे मला दर वसंतात काढावी लागतात. शिवाय ठिपकेदार ॲस्परॅगस भुंगेऱ्याच्या अळ्या याच फळांवर पोसतात, म्हणजे फळे नसतील तर त्या किडीचा एक आधारच जातो. घरात लहान मुले असतील तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: ही आकर्षक लाल फळे खाल्ल्यास पोट बिघडते, उलट्या होतात.

मादी झाडे ओळखून काढून टाकावीत, असा उपाय सुचवला जातो आणि तो तत्त्वतः बरोबर आहे. नराचे फूल लांबट आणि परागकोशांनी भरलेले, मादीचे आखूड आणि मध्ये तिहेरी टोकाची कुक्षी असलेले, इतका फरक भिंगातून सहज दिसतो. परंतु रोपे फुलावर यायला बहुधा दुसरे वर्ष लागते, तोवर मुळे पसरलेली असतात, आणि काढलेल्या प्रत्येक झाडाची जागा पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरू करावी लागते.

ज्यांच्याकडे जागा मोठी आहे, खर्च कमी ठेवायचा आहे किंवा बी राखण्याची हौस आहे, त्यांनी मेरी वॉशिंग्टन निवडली तर मी त्यांना अडवणार नाही. चार-सहा फुटांच्या वाफ्यात ज्यांना नोकरी सांभाळून भाजी पिकवायची आहे, त्यांनी मात्र जर्सी नाइटचे एक वर्ष वयाचे गड्डे घेणे अधिक सोयीचे ठरेल असे मला वाटते. बियांपेक्षा ते महाग पडतात, पण एक वर्षही वाचते. नर म्हणून विकलेल्या गड्ड्यांतही एखादे मादी झाड निघू शकते. त्यासाठी पहिली दोन-तीन वर्षे ऑगस्टमध्ये पिसाऱ्यावर नजर ठेवावी आणि फळ दिसताच, ते लाल होण्याची वाट न पाहता, ते झाड मुळासकट काढावे.