पॅकेट ट्रेसर : स्विचची निवड डोळ्यांनी पाहण्यासाठी

स्पॅनिंग ट्री, म्हणजे नेटवर्कमधल्या स्विचांनी (संगणकांना जोडणाऱ्या उपकरणांनी) चक्रे टाळून मार्ग निवडण्याची पद्धत, शिकवताना मला नेहमी एकच अडचण येत असे. स्विचने निवडलेला मार्ग फळ्यावर काढून दाखवता येतो, पण ती निवड होताना दाखवता येत नाही. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नोंदणी केल्यावर विनामूल्य मिळणाऱ्या पॅकेट ट्रेसर या नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरने ती अडचण बरीचशी दूर केली.

सिस्कोच्या २९६० मॉडेलचे तीन स्विच त्रिकोणात जोडले की केबलींच्या टोकांवरचे ठिपके आधी नारिंगी दिसतात आणि लिसनिंग व लर्निंग या दोन टप्प्यांचे प्रत्येकी १५ सेकंद सरल्यावर हिरवे होतात. एक मात्र नारिंगीच राहतो. तो अडवलेला पोर्ट, म्हणजे स्विचवरची केबल जोडण्याची जागा. तो अडवला नसता, तर ब्रॉडकास्ट फ्रेम (सर्वांना उद्देशून पाठवलेले माहितीचे तुकडे) त्या त्रिकोणात फिरतच राहिल्या असत्या, कारण इथरनेट फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते.

खरा बोध पुढच्या प्रयोगात आहे. ‘अ’ हा रूट ब्रिज, म्हणजे ज्याच्यापासून सर्व मार्ग मोजले जातात तो स्विच, धरून ‘अ–ब’ आणि ‘ब–क’ गिगाबिटने, तर ‘अ–क’ १०० मेगाबिटच्या फास्ट इथरनेटने जोडावे. जोडणी जितकी वेगवान तितकी तिची किंमत कमी धरतात; त्यामुळे थेट मार्गाची किंमत १९ होते, ‘ब’वरून जाणाऱ्या वळणाच्या मार्गाची ४ आणि ४ मिळून ८, म्हणून ‘क’ समोरचा थेट मार्ग सोडून वळण घेतो. विद्यार्थी येथे हमखास थबकतात, आणि त्यांनी थबकावे असेच मला वाटते. मात्र हा मार्ग उत्तम ठरतो तो केवळ रूटपर्यंत पोहोचण्यासाठी, कोणत्याही दोन संगणकांमधला म्हणून नव्हे, हे शिक्षकाने आवर्जून सांगायला हवे.

सिम्युलेशन मोडमध्ये स्विच एकमेकांना पाठवतात ते स्पॅनिंग ट्रीचे संदेश, म्हणजे बीपीडीयू, एकेक करून उघडून वाचता येतात. उणीव अशी की सिस्कोच्या सगळ्या आज्ञा यात नाहीत आणि ब्रॉडकास्टच्या पुराने खऱ्या स्विचवर येणारा ताणही जाणवत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष उपकरणेच हवीत.

एका संस्थेत मी अडगळीच्या खोलीतला सर्वांत जुना स्विच रूट झालेला पाहिला होता. प्रायॉरिटीचा आकडा सर्वांत लहान असलेला स्विच रूट होतो, आणि तो समान असल्यास मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) सर्वांत लहान असलेला; तेथे सर्वांची प्रायॉरिटी मूळचीच, ३२७६८ होती आणि सर्वांत लहान मॅक पत्ता त्याचा होता. ती रचना मी पॅकेट ट्रेसरमध्ये पुन्हा उभी केली, मुख्य स्विचला ‘रूट प्रायमरी’ची आज्ञा दिली आणि त्याची प्रायॉरिटी २४५७६ होताच अडवलेला पोर्ट दुसरीकडे सरकताना संपूर्ण वर्गाने पाहिला.