भिजलेले श्रवणयंत्र: तांदूळ, सिलिका जेल, विजेचा ड्रायर की थेट दुरुस्ती?

गेल्या जुलैत माझे वडील कानामागचे श्रवणयंत्र न काढताच आंघोळीला बसले आणि दोन तांबे डोक्यावर ओतून झाल्यावर, आवाज एकाएकी बसला तेव्हा, ते त्यांच्या लक्षात आले. यंत्र हातात घेतले तर मोल्डकडे (कानाच्या मापाने बनवलेल्या, कानात बसणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या पारदर्शक नळीत पाण्याचा एक थेंब अडकलेला दिसत होता आणि नळी कलती केली की तो मागेपुढे सरकत होता. सेलच्या कप्प्यात मात्र नुसता ओलावा होता. अशा वेळी घरात जितकी तोंडे तितके सल्ले मिळतात. त्यांतला कोणता मानावा हे दोन गोष्टींवरून ठरवावे लागते: आत गेलेले पाणी साधे होते की खारट, आणि यंत्राचा सेल बाहेर काढता येतो की नाही.

पर्याय कोणताही निवडला तरी पहिली पाच मिनिटे सारखीच. यंत्र बंद करावे, सेलचा कप्पा उघडून सेल काढावा, बाहेरचे पाणी सुती कापडाने टिपावे आणि मोल्ड व नळी यंत्रापासून वेगळी करून रबरी फुग्याच्या ब्लोअरने नळीतला थेंब उडवावा. वीज चालू असताना ओल्या सर्किटवरचा धातू फार वेगाने गंजतो, म्हणून यंत्र ‘चालते का बघू’ म्हणून लगेच सुरू करण्याचा मोह आवरावा. चार्जिंगच्या यंत्रात बॅटरी काढता येत नाही. ते बंद करावे आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जरमध्ये ठेवू नये. हेअर ड्रायर, गॅसची शेगडी आणि कडक ऊन हे तिन्ही वर्ज्य, कारण उष्णतेने आतला डिंक सुटतो आणि प्लास्टिकचे आवरण वाकते.

तांदळाचा पर्याय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमकुवत आहे. घरातल्या साठवणीच्या तांदळात मुळातच सुमारे १३-१४ टक्के पाणी असते, त्यामुळे तो डब्यातली हवा फारशी कोरडी करू शकत नाही. उलट त्याची पिठूळ धूळ मायक्रोफोनच्या सुईएवढ्या छिद्रात जाऊन बसते. ॲपलने २०२४ मध्ये ओला आयफोन तांदळात ठेवू नका असे सांगितले, त्यामागेही तांदळाच्या कणांचीच भीती होती. श्रवणयंत्राची छिद्रे तर फोनपेक्षाही नाजूक.

सिलिका जेलचा घट्ट झाकणाचा डबा हा माझ्या मते बहुतेक घरांसाठी योग्य पर्याय आहे. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा यंत्र पंख्याखाली उघडे ठेवून आतला ओलावा फारसा निघत नाही. बंद डब्यातले जेल मात्र ती थोडीशी हवा खरोखर कोरडी करते आणि यंत्रातला ओलावा हळूहळू ओढून घेते. एक रात्र ही किमान मुदत, पाणी जास्त गेले असेल तर पूर्ण २४ तास द्यावेत. मणी निळ्याचे गुलाबी किंवा नारिंगीचे हिरवट झाले की ते भरले असे समजावे. सुमारे १२० अंश सेल्सिअसला तापवले की ते पुन्हा वापरता येतात, परंतु निळ्या मण्यांतला कोबाल्ट विषारी असल्याने ते स्वयंपाकाच्या कढईत कदापि भाजू नयेत. झिंक-एअर सेल (श्रवणयंत्रातला, हवेवर चालणारा बटणासारखा सेल) डब्याबाहेर ठेवावा, कारण त्याच्या छिद्रांतून त्याच्या आतला आवश्यक ओलावाही निघून जातो. भिजलेला सेल टाकूनच द्यावा आणि तो लहान मुलांच्या हाती लागणार नाही हे पाहावे.

विजेवरचा ड्रायर साधारण ४० ते ४५ अंशांची कोमट हवा खेळवतो आणि काही तासांत काम उरकतो. त्यासाठी डब्याच्या कित्येक पट पैसे मोजावे लागतात. ज्यांना घाम फार येतो किंवा ज्यांचे यंत्र पावसाळ्यात वरचेवर दबके वाजते त्यांना रोज रात्रीच्या वापरासाठी तो परवडतो. एकदाच भिजलेल्या यंत्रासाठी तो विकत घेण्यात अर्थ नाही. काहींत बसवलेला अतिनील दिवा जंतूंसाठी असतो, वाळवण्यासाठी नव्हे. शिवाय आमच्याकडे पावसात लाइट जाते ती कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि सिलिका जेलला लाइट लागत नाही.

समुद्राचे पाणी, साबणाचे पाणी किंवा सरबत आत गेले असेल, तर वरचे तिन्ही पर्याय अपुरे पडतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून गेले तरी ते मागे राहतात, हवेतला ओलावा पुन्हा धरतात आणि गंज चालू ठेवतात. अशा वेळी त्याच दिवशी ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) किंवा सेवा केंद्रात जावे. काही ठिकाणी निर्वात कप्प्यात यंत्र वाळवतात: हवेचा दाब सुमारे चोविसाव्या हिश्शावर आणला की पाणी ३० अंशांनाच उकळते, म्हणून यंत्र न तापवता खोलवरचा ओलावाही बाहेर येतो. फोन दुरुस्त करणारे बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतात, ते पाहून घरी तसा प्रयोग करू नये, कारण अल्कोहोलने श्रवणयंत्राचा जलरोधक लेप आणि रिसीव्हरचा (आतल्या इवल्याशा स्पीकरचा) पातळ पडदा खराब होऊ शकतो. यंत्रावर आयपी ६८ (धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी) लिहिले आहे म्हणून निर्धास्त राहणेही बरे नव्हे. ती चाचणी नव्या यंत्राची आणि गोड्या पाण्यातली असते.

वडिलांचे यंत्र साध्या पाण्यात भिजले होते, म्हणून ते जेलच्या डब्यात गेले. दुसऱ्या दिवशी नवा सेल घालून पाहिले तर यंत्र सुरू झाले, आवाज मात्र दबकाच. मोल्ड नळीसकट काढून यंत्राचे तोंड कानाजवळ धरले, तेव्हा आवाज स्वच्छ आला. दोष जुन्या, पिवळट पडलेल्या नळीत होता आणि ती बदलायला ऑडिओलॉजिस्टला दहा मिनिटे लागली.