एचआयव्हीची घरी करायची टेस्ट किट: आहे चांगली, पण मागवायच्या आधी हे वाचा

कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही, आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येतच नाहीये, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय. माझीही तीच अवस्था होती म्हणून तोंडातल्या स्वॅबवर चालणारं किट मागवलं. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, मला जे सांगायचंय त्याला ब्रँडशी फारसं देणंघेणं नाही.

सगळ्यात आधी, प्रसंग घडून 72 तास व्हायचे असतील तर किट बाजूला ठेवा, हा रिव्ह्यू पण नंतर वाचा, डॉक्टरकडे किंवा हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा आणि पीईपीबद्दल विचारा. इन्फेक्शन होऊ नये म्हणून 28 दिवस घ्यायची ती औषधं असतात, जितकी लवकर सुरू तितकं चांगलं, 72 तास उलटले की सहसा देत नाहीत. मी मागवलेल्या किटच्या डब्यावर ह्याचा उल्लेखच नव्हता आणि ह्याचा मला खरंच राग आला, कारण घाबरलेला माणूस आधी गुपचूप किटच मागवतो आणि ते घरी पोचेपर्यंत ही वेळ हातातून गेलेली असते.

वापरायला सोपं आहे, ह्यात वाद नाही. सुई नाही, रक्त नाही. आधी 15 मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही, अर्धा तास आधीपासून ब्रश किंवा माउथवॉश नाही, मग पट्टीचं टोक वरच्या हिरडीवरून एकदा आणि खालच्या हिरडीवरून एकदा फिरवायचं आणि नळीतल्या लिक्विडमध्ये उभं करायचं. 20 मिनिटांनी बघायचं, 40 मिनिटांनंतर नाही. पट्टीवरच्या सी ह्या अक्षरापाशी एकच लाइन म्हणजे निगेटिव्ह, टी पाशी पण आली, अगदी पुसट का असेना, तर रिॲक्टिव्ह, म्हणजे इन्फेक्शन असू शकतं, आणि सी ची लाइनच आली नाही तर टेस्ट बाद.

खरी गोम तारखेत आहे. हे किट व्हायरस शोधत नाही, शरीर त्याच्याविरुद्ध ज्या अँटीबॉडी बनवतं त्या शोधतं, आणि त्या बनायला वेळ लागतो, त्यामुळे 90 दिवस व्हायच्या आत आलेल्या निगेटिव्हवर शांत झोपता येत नाही. लॅबमध्ये शिरेतलं रक्त घेऊन करतात ती फोर्थ जनरेशन टेस्ट अँटीबॉडीबरोबर पी24 अँटीजेन, म्हणजे व्हायरसचंच एक प्रोटीन, पण बघते म्हणून ती 18 ते 45 दिवसांत पकडते. म्हणजे 45 दिवसांनी लॅबमध्ये जाणं जमत असेल तर ह्या किटसाठी तीन महिने जीव टांगणीला लावायची गरजच नाही, माझं स्पष्ट मत आहे. पीईपी घेतलेली असेल तर मात्र टेस्ट कधी करायची ते डॉक्टरांनाच विचारा, हे दिवस तुम्हाला लागू होत नाहीत.

आता मधल्या दिवसांचं, कारण किटपेक्षा जड तेच गेलं. ताप, घसा, पुरळ, मानेतल्या गाठी हे सगळं इन्फेक्शननंतर दोन-चार आठवड्यांत होऊ शकतं, पण साध्या फ्लूमध्येही होतं आणि बऱ्याच जणांना इन्फेक्शन होऊनही काहीच होत नाही, त्यामुळे लक्षणांवरून हो पण कळत नाही आणि नाही पण कळत नाही. भीतीने पोट बिघडतं, रात्री घाम येतो, मानेतल्या गाठी दिवसभर चाचपत बसलं की त्याच दुखायला लागतात, मग माणूस परत सर्च करतो आणि परत घाबरतो. मला दोन गोष्टींनी आधार दिला. टेस्टची तारीख कॅलेंडरवर लिहून टाकली आणि ‘झालं असेल का’ हा प्रश्न त्या तारखेवर ढकलायचा असं ठरवलं, आणि एका मैत्रिणीला सगळं सांगितलं. आकड्यानेही थोडा धीर आला, समोरचा पॉझिटिव्ह असून औषधं घेत नसला तरी योनीमार्गे एका संबंधातून बाईला लागण व्हायची शक्यता साधारण 10,000 मध्ये 8 धरतात. गुदमार्गाने ती बरीच जास्त, 138 च्या आसपास. आणि चुंबन, मिठी, एकाच ताटात जेवणं, टॉयलेट सीट, डास ह्यातल्या कशानेही पसरत नाही, ह्यासाठी जागत असाल तर प्लीज झोपा.

टेस्ट रात्री एकटीने करू नका. ती 20 मिनिटं फार लांब असतात, मैत्रीण शेजारी होती म्हणून मी निभावले. एकच लाइन आली. आणि तरी मन म्हणतं, पुसट दुसरी आहे का, टॉर्च मारून बघू का, तासाभराने परत बघू का. बघू नका, वेळ टळल्यावर दिसलेल्या लाइनला काही अर्थ नसतो.

अचूकतेचं पण खरं सांगते. 2012 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथे औषधं आणि टेस्ट किटना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, असं पहिलं तोंडाचं किट घरी वापरायला मंजूर केलं तेव्हाच सांगितलं होतं की खोटं पॉझिटिव्ह 5,000 निगेटिव्ह लोकांत एखाद्याला येईल, पण खरंच इन्फेक्शन असलेल्या 12 जणांत एकाला खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. हे मला छोटं वाटलं नाही म्हणून नंतर लॅबची टेस्ट पण केली, ती पण निगेटिव्ह, आणि तिथे थांबले. वेळेत केलेली लॅब टेस्ट निगेटिव्ह येऊनही परत परत टेस्ट करावीशी वाटत असेल तर आता त्रास भीतीचा आहे, त्यासाठी काउन्सेलरकडे जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

रिॲक्टिव्ह आलं तरी तो शेवटचा निकाल नव्हे, लॅबमध्ये कन्फर्म करावं लागतं. आणि कन्फर्म झालं तरी एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, रोज घेऊन व्हायरस अनडिटेक्टेबल, म्हणजे रक्ताच्या टेस्टमध्ये सापडणार नाही इतका कमी, राहिला तर जोडीदाराला सेक्समधून लागण होत नाही आणि आयुष्यही इतरांसारखं लांब जगता येतं. हे टेस्टच्या आधी माहीत असलेलं बरं, हात कमी कापतात.

पाचपैकी साडेतीन स्टार. लॅबमध्ये कोणी ओळखेल ह्या भीतीने जे टेस्टच टाळतात त्यांनी जरूर घ्यावं, एक्स्पायरी बघून. दीड स्टार डब्यासाठी कापला, कंपनीवाल्यांनी 72 तास आणि 90 दिवस हे दोन आकडे वरच मोठ्या अक्षरात छापावेत, आणि शेजारी बोलायला एक फोन नंबर द्यावा.